लॅनचा फिल्टर लावू का?

प्रश्न : नमस्कार दादा, मी सांगलीत विश्रामबागला राहतो. क्लासिकलचं वेड वडिलांकडून आलंय. स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारा डबा), डॅक (डिजिटलचा ॲनालॉग सिग्नल करणारा), अँप म्हणजे अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर असा सेटअप हळूहळू जमवलाय, राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत लॅन म्हणजे नेटवर्कची केबल ओढलीय. पण आलाप चालू असताना तानपुऱ्याच्या खाली बारीक घूंऽऽ येतं. दुकानदार म्हणतो हा नेटवर्कचा नॉईज आहे, १८ हजारांचा फिल्टर लावा, घूं जाईल आणि आवाजही मोकळा होईल. घेऊ का? बायको म्हणते तेवढ्यात फ्रीज येतो.

उत्तर : वहिनींचं ऐका, निदान ही टेस्ट होईपर्यंत तरी. गाणं लावा, मिनिटभर चालू द्या आणि कुणाला तरी स्ट्रीमरच्या मागची लॅन केबल काढायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा. बहुतेक स्ट्रीमरवर गाणं लगेच थांबत नाही, कारण पुढचा तुकडा बफरमध्ये, म्हणजे स्ट्रीमरच्या तात्पुरत्या साठ्यात, आधीच येऊन पडलेला असतो. आता वायरच जोडलेली नाही म्हणजे तिच्यातून नॉईज यायला रस्ता नाही, कितीही महाग फिल्टर लावला तरी तो याच्यापेक्षा जास्त काय करणार? केबल कधी निघाली ते तुम्हाला ऐकून सांगता आलं नाही तर १८ हजार खिशात ठेवा.

दुकानदार म्हणतो ते सगळंच थाप आहे असं नाही, पण दोन गोष्टींची भेळ केलीय त्यानं. गाण्याचा डेटा पॅकेटमधून येतो, प्रत्येक पॅकेट तपासलं जातं, खराब निघालं तर फेकून परत मागवलं जातं. त्यामुळं आवाज मळकट वगैरे होत नाही, आला तर पूर्ण येतो नाहीतर गाणं अडकतं. सीडी क्वालिटीला १४११ केबीपीएस लागतात आणि साधा लॅन पोर्टसुद्धा १०० एमबीपीएसचा असतो, म्हणजे केबलला घाम फुटायचं काही कारण नाही. राहता राहिला वायरमधून येणारा इलेक्ट्रिकल नॉईज. तो खरा असतो, पण लॅनच्या जॅकमध्येच छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, १५०० व्होल्टचं आयसोलेशन असतं, म्हणजे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीनं तुटक असतात, ते फुकटात मिळालेलं आहे. हे बिघडवायचा हमखास उपाय म्हणजे मेटलच्या कनेक्टरची शील्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल, तिच्या शील्डमधून राउटरचं आणि स्ट्रीमरचं ग्राउंड जोडलं जातं. तुमची केबल तसली असेल तर साधी प्लॅस्टिक कनेक्टरची कॅट सिक्स लॅन केबल लावून बघा, दोनेकशे रुपयांत काम होतं.

आता तुमचं घूं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून हमसुद्धा, म्हणजे हे घूं, ५०, १०० हर्ट्झ असा येतो. तुमच्या गायकाची पट्टी काळी एक असेल तर खरज (खालचा सा) साधारण ६९ हर्ट्झला, आणि १०० म्हणजे तीव्र मध्यम आणि पंचमाच्या मध्ये कुठंतरी लोंबकळणारा सूर! कान दुखणारच हो. पण हा बहुतेक वेळा ग्राउंड लूप असतो, म्हणजे यंत्रांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन त्या चक्रात करंट फिरतो, आणि टीव्ही त्याच अँपला जोडलेला असेल तर माझा पहिला संशय सेट टॉप बॉक्सच्या मागच्या केबलवाल्याच्या वायरवर. ती स्क्रूची वायर काढा. घूं बंद झालं की चोर सापडला, मग त्या वायरला आयसोलेटर (ग्राउंडची जोडणी तोडणारा छोटा तुकडा) बसवा. नाही झालं तर अँपच्या इनपुटच्या वायरी एकेक करून काढत जा, सगळ्या काढल्या तरी घूं चालूच राहिलं तर भानगड अँपमध्ये आहे.

आणि कुणी प्लगची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन काढायला सांगितली तर त्याला चहा पाजून परत पाठवा. हम जातो खरा, पण उद्या अँपच्या बॉडीत करंट उतरला तर तुमच्या हाताशिवाय त्याला दुसरी वाट उरत नाही. वायरमनला बोलवून न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट दाखवतंय ते मोजून घ्या, एकदोन असेल तर ठीक, दहा-पंधरा असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघा.

एक सांगायचं राहिलं, जुन्या रेकॉर्डिंगवर सेटअप जोखू नका. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांमधली खरखर तबकडीतलीच आहे, ती कुठल्याच फिल्टरनं जायची नाही. मिरज तुमच्या शेजारीच आहे, सतारमेकरांकडं जाऊन जवारी लावलेला (घोडी घासून सूर खुलवलेला) तानपुरा दोन फुटांवरून ऐका आणि मग घरी येऊन स्पीकर लावा.

प्रश्न : साताऱ्यात शनिवार पेठेत जुना वाडा आहे, माडीवर वायफायवर गाणं सारखं अडकतं. लॅन ओढली तर आवाजही सुधारेल का?

उत्तर : अडकायचं थांबेल, आवाज तोच राहील. वाड्याच्या जाड भिंतीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मरतो, आधी २.४ वर टाकून बघा. आणि गाण्याच्या ॲपमधली क्वालिटी ऑटोवर असेल तर ती बदला, सिग्नल कमी झाला की ते ॲप गुपचूप बिटरेट (सेकंदाला येणारा डेटा) खाली आणतं.