बोट सोडा, किनारा धरा

प्रश्न : आमच्या कॉलेजचा ग्रुप यंदा एकांकिका बसवतोय. विषय आहे लिबियातून बोटीनं युरोपात निघालेली माणसं. निळं कापड हलवून समुद्र, बांबूची बोट, स्पीकरवर लाटा आणि शेवटी बोट उलटते, असं ठरलंय. पण ग्रुपमधले दोघं म्हणतात, तिकडची माणसं आपण कशी उभी करणार? आपल्याला त्यातलं काय ठाऊक? काय करावं?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : त्या दोघांचं म्हणणं खरं आहे, पण म्हणून विषय सोडू नका. बोट तेवढी सोडा.

बुडणं रंगमंचावर करता येत नाही. प्रेक्षकाचं लक्ष कापड कोण हलवतंय याच्याकडे जातं. समजा, तुम्ही ते फार छान जमवलंत, तरी तो चार क्षण हळहळतो आणि घरी जातो. त्याला कुणी काही विचारलेलंच नसतं. माझ्या मते या विषयाचं नाटक किनाऱ्यावर घडतं, कारण आत घ्यायचं की नाही हे किनाऱ्यावरच्या माणसाला ठरवावं लागतं.

ग्रीक नाटककार इस्किलसनं हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. त्याच्या ‘शरणार्थिनी’ या नाटकात डॅनेअसच्या पन्नास मुली लादलेलं लग्न नाकारून इजिप्तमधून समुद्रमार्गे ग्रीसमधल्या आर्गोसला येतात. पडदा उघडतो तेव्हा प्रवास संपलेला आहे. त्यांच्या हातात पांढरी लोकर गुंडाळलेल्या ऑलिव्हच्या डहाळ्या आहेत, बस्स. राजा पेलास्गस कात्रीत सापडतो. आश्रय द्यावा तर मुलींच्या पाठलागावर असलेल्यांशी युद्ध ओढवणार, नाकारावा तर शरणागतांचा पाठीराखा देव झ्यूस कोपणार. मुली त्याला सरळ सांगतात, नाही म्हणालास तर इथल्याच देवांच्या मूर्तींना कमरपट्टे बांधून गळफास घेऊ. मग राजा निर्णय प्रजेवर सोपवतो. ती सभा आपल्याला दिसत नाही. मुलींचा बाप येऊन सांगतो की सगळ्यांचे उजवे हात वर गेले. तुम्हीही प्रेक्षकांना हात वर करायला लावू नका. लाजेखातर वर गेलेल्या हाताचा उपयोग नाही.

हेच नाटक 2016 मध्ये एडिनबराच्या रॉयल लायसियममध्ये डेव्हिड ग्रेगच्या नव्या रूपांतरात झालं, दिग्दर्शक रामिन ग्रे. त्या पन्नासजणींचा कोरस, म्हणजे एकसुरात बोलणारा समूह, शहरातल्या हौशी बायका-मुलींनी केला होता. म्हणजे तुमच्यासारख्यांनीच. ‘घाशीराम’मधली माणसांची भिंत तुम्ही ऐकून असालच. एका लयीत उभं राहणं आणि एका श्वासात बोलणं आपल्या रंगभूमीला परकं नाही. मात्र त्याला तालीम लागते, आणि ती रोज लागते.

आता ‘आपल्याला काय ठाऊक’ याबद्दल. तुम्हाला मच्छीमार ठाऊक आहे. अँडर्स लस्टगार्टनच्या ‘लॅम्पेडुसा’ (लंडन, 2015) या नाटकात दोनच पात्रं आहेत. त्यातला स्टेफानो हा लॅम्पेडुसा या इटालियन बेटावरचा मच्छीमार. मासळी संपत आली म्हणून तो आता समुद्रातून प्रेतं काढायचं काम करतो. निर्वासित रंगमंचावर येतच नाहीत, तरी स्टेफानोची सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

त्या बेटाजवळ 3 ऑक्टोबर 2013 ला काय झालं ते नीट वाचा. लिबियातल्या मिसराताहून निघालेली बोट किनारा दिसत असताना बंद पडली. बहुतेक माणसं पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियाची. मदत मागायला कुणीतरी ब्लँकेट पेटवलं, आग भडकली, घाबरून सगळे एका बाजूला सरकले आणि बोट उलटली. 368 माणसं गेली, 155 वाचली. आठ मित्र मजेसाठी बोट घेऊन रात्रीचे जवळच थांबले होते. पहाटे त्यांना लांबून आवाज आले, ते त्यांना समुद्रपक्ष्यांचे वाटले. त्या माणसांच्या हाका होत्या. बुडणाऱ्यांचं अंग डिझेलनं माखलेलं, त्यामुळे धरलेले हात निसटत होते. तरीही त्या छोट्या बोटीत त्यांनी 47 जणांना ओढून घेतलं.

स्पीकरवरच्या लाटा बंद करा आणि हे आवाज कोरसच्या गळ्यातून काढा. आधी पक्षी वाटले पाहिजेत. मग एकेका प्रेक्षकाला उमगू दे. आणि मिरकरवाडा बंदरात जाऊन बोट चालवणाऱ्या एखाद्या तांडेलकाकांना विचारा, भिजलेला, निसटता माणूस बोटीच्या कडेवरून आत कसा घेतात? पाय कुठे रोवतात, पकड मनगटाला की काखेत? त्यांनी करून दाखवलेली ती एक हालचाल नटांच्या अंगात मुरली की बांबूची बोट लागणार नाही.

प्रश्न : शेवटी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या ॲलन कुर्दी या लहान सीरियन मुलाचा, 2015 मधला फोटो प्रोजेक्टरवर दाखवला तर? परिणाम चांगला होईल, असं दिग्दर्शक म्हणतो.

उत्तर : नको. परिणाम होईल, पण तो फोटोचा होईल, तुमच्या नाटकाचा नाही. त्या मुलाची आई आणि भाऊही त्याच वेळी बुडून गेले, घरातले एकटे वडील वाचले. त्यांच्या दुःखावर आपला शेवट उभा करण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? प्रोजेक्टरच्या भाड्याचे पैसे तालमीच्या जागेला वापरा.