काजूचा चीक, मानेवरचे मस आणि तळव्यावरचा तीळ

प्रश्न : माझे वय ५२ वर्षे आहे. गेल्या तीन-चार वर्षांत मानेवर आणि काखेत मऊ, लोंबत्या चामखिळी आल्या आहेत. परवा मंगळसूत्रात अडकून त्यातील एक रक्ताळली. ओल्या काजूचा चीक लावला की गळून पडेल, असे नणंद सांगते. यजमानांच्या तळव्यावरही काळा तीळ आहे आणि तो अलीकडे मोठा वाटतो. तोही चिकाने जाईल का?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : आपल्याकडे अंगावर उगवलेल्या कशालाही चामखीळ म्हणतात. खरी चामखीळ मात्र विषाणूमुळे होते, हाताला खरखरीत लागते आणि पसरते. तुमच्या वर्णनावरून हे साधे मस दिसतात. जिथे कातडी कातडीवर घासते तिथे ते येतात, घरातल्या कोणाला लागत नाहीत आणि त्यांच्यापासून कर्करोगाची भीती धरण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र आरशात पाहावी. मानेची मागची बाजू काळसर, जाड आणि मखमलीसारखी झाली असेल, तर तो मळ समजून घासत बसू नये. मस आणि अशी मान ही जोडी पुष्कळदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची खूण असते, म्हणून रक्तातील साखर तपासून घ्यावी.

आता चिकाविषयी. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे. आंब्याच्या देठाच्या चिकाने ओठ उततात हे तुम्हाला सांगायला नकोच, आणि काजूच्या टरफलातले तेल तर त्याहून दाहक. हाताला राख किंवा तेल लावल्याशिवाय ओले काजू सोलायला कोणी बसत नाही ते उगाच नव्हे. तो चीक मानेच्या नाजूक कातडीवर लावला, तर मसाबरोबर भोवतालची कातडीही भाजते, आणि आपल्या सावळ्या वर्णावर त्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो. घोड्याचा केस बांधण्याचा उपायही तितकाच घातक, कारण अर्धवट कुजलेल्या मसात पू होतो. त्वचारोगतज्ज्ञ जागा बधिर करून असा मस काही मिनिटांत कापून किंवा जाळून काढतात. तो अडकत नसेल, तर काढलाच पाहिजे असेही नाही.

यजमानांच्या तिळाबाबत मात्र मी इतका निवांत राहणार नाही. तीळ म्हणजे रंगपेशींचा पुंजका, आणि बहुतेक तीळ जन्मभर निरुपद्रवी राहतात. पण पन्नाशीच्या आसपास एखादा वाढू लागला, तर तो दाखवावाच. रंगपेशींचा कर्करोग आपल्याकडे विरळा आहे खरा, मात्र होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि काटा मोडला असेल किंवा चपलेने घासले असेल म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात. तिळाचे दोन अर्धे एकमेकांशी जुळत नसतील, कडा वेड्यावाकड्या असतील, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसत असतील, आकार ६ मिलिमीटरहून मोठा असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर उशीर नको. त्याला चीक तर मुळीच लावू नका : वरचा रंग जळतो, खालच्या पेशी तशाच राहतात आणि तपासणीसाठी तुकडा घेतला तरी निदान अवघड होऊन बसते.

शेजारी मोजपट्टी धरून आजच तिळाचा फोटो काढून ठेवा, या आठवड्यातच त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या, आणि पायाच्या नखांखाली काळी रेघ आली आहे का, तेही पाहून घ्या.