जुन्या दारांना आणि गॅलरीच्या कठड्याला वूड ऑइल किती लिटर लागेल?

तुम्ही विचारलंय की गिरगावच्या चाळीत दोन जुनी सागवानी दारं आणि गॅलरीचा 10 फुटी लाकडी कठडा आहे, डब्यावर लिटरला 10 चौरस मीटर लिहिलंय, तर किती आणू. मी आमच्या लालबागच्या घराला हेच काम हाताने केलंय म्हणून सांगतो, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, उन्हापावसात वर्षानुवर्षं सुकलेलं लाकूड त्याच्यापेक्षा खूप जास्त पितं.

आधी माप नीट घ्या. 7 बाय 3 चं दार म्हणजे 21 चौरस फूट, दोन्ही बाजू 42, कडा धरून 45, दोन दारांचे 90, आणि जुन्या दारांना नक्षी-खाचा असतात म्हणून 105 धरा. कठड्यात सगळे चुकतात. लोक 10 गुणिले 3 करून मोकळे होतात, पण उभा दांडा 2 इंची चौकोनी असेल तर त्याला चार बाजू आहेत, 3 फूट उंचीला एका दांड्याचे 2 चौरस फूट झाले, असे 24 दांडे म्हणजे 48, वरच्या हातधरणीचे 10. सगळं मिळून 163, म्हणजे साधारण 15 चौरस मीटर. डब्याच्या हिशोबाने दोन हातांना 3 लिटर.

आता छोटा डबा आणून टेस्ट करा. जुनं पॉलिश, रंग पूर्ण घासून काढा, नाहीतर तेल आत जातच नाही. मग दाराच्या मागच्या बाजूला खडूने 1 बाय 1 फुटाचा चौकोन आखा, मेडिकलमधून 10 मिलीची सिरिंज आणा आणि मोजून तेल चोळा. आमच्याकडे पहिल्या हाताला 15 मिली गेलं, दुसऱ्याला 8. तुमचंही तेवढंच निघालं तर 163 गुणिले 23, म्हणजे पावणेचार लिटर, मी 4 चा डबा घेईन. दाराची खालची कड आणि दांड्यांची कापलेली टोकं यांना दोन-तीनदा जास्त पाजा, पाणी तिथूनच शिरतं आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते, आमच्या दाराची खालची पट्टी बोटाने दाबली तर आत जात होती.

शेडवालं तेल असेल तर सगळं एकदम घ्या, डब्यांवरचा बॅच नंबर एकच बघून. मला एक लिटर कमी पडलं, नंतर आणलेला डबा वेगळ्या बॅचचा निघाला आणि आतल्या खोलीचं दार आजही बाहेरच्यापेक्षा गडद दिसतं, मला ते रोज खटकतं.

पावसाळ्यात नका करू, ओलं लाकूड तेल घेत नाही, दिवाळीनंतर करा. आणि तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका प्लीज, वूड ऑइलमध्ये बहुतेक वेळा जवसाचं तेल असतं, ते वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात, चाळीत जिनासुद्धा लाकडाचा असतो. एकेक मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.