वाचकांचे प्रश्न : अटलजींची जयंती मंडळाने कशी करावी?

प्रश्न : आदरणीय ताई, सादर नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळाने येत्या 25 डिसेंबरला अटलबिहारी वाजपेयींची जयंती करायचं ठरवलं. माणूस आपल्या गावचा, पंतप्रधान झालेला. पण बैठकीत दोन तट पडले. काहींना अर्धपुतळ्यासाठी वर्गणी काढायची आहे, तर काही म्हणतात मंडळात पक्षाचं राजकारण नको. दोन जुने सभासद तर 'आम्ही येणारच नाही' म्हणून बसले आहेत. काय करावं?
— कार्यवाह, ग्वाल्हेर

उत्तर : कार्यवाह महाशय, त्या दोघांनाच भाषणाला बोलवा. अटलजींचं कोणतं काम पटलं आणि कोणतं मुळीच पटलं नाही, दोन्ही त्यांना मोकळेपणानं सांगू द्या.

विरोधातल्या नेत्याला निरोप कसा द्यावा, हे अटलजींनीच आपल्याला दाखवून दिलं आहे. 27 मे 1964 रोजी पंडित नेहरू गेले. 29 तारखेला राज्यसभेत अटलजी श्रद्धांजलीला उभे राहिले. वय 39, पक्ष जनसंघ, आणि चीनच्या प्रश्नावर नेहरूंच्या सरकारला त्यांनी सभागृहात धारेवर धरलेलं. एक स्वप्न अपुरं राहिलं, एक गीत मुकं झालं, असं ते त्या दिवशी म्हणाले. आणि त्याच भाषणात नेहरूंशी आपले मतभेद होते हेही सांगितलं, शिवाय त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आणि देशप्रेमाबद्दल मनात आदरच आहे, हेही. मतभेद लपवले नाहीत, म्हणूनच तो आदर आजही वाचताना खरा वाटतो. पुढे 1977 मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले, तेव्हा त्यांचं मंत्रालय होतं त्या दिल्लीच्या साऊथ ब्लॉकमधलं नेहरूंचं छायाचित्र जागेवरून गायब झालेलं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी विचारणा केली आणि ते पुन्हा लागलं. ही हकिगत त्यांनी स्वतः लोकसभेत सांगितली आहे.

तुमच्या बैठकीत जे झालं ते ग्वाल्हेरच्या मराठी घरांना नवं नाही. 1984 ची निवडणूक मला चांगली आठवते, माझं पहिलंच मतदान ते. राजघराण्यातल्या माधवराव शिंदे महाराजांनी काँग्रेसकडून ऐन वेळी ग्वाल्हेरमधून अर्ज भरला आणि समोर अटलजी. आमच्या वाड्यात बाबा अटलजींचे, काका महाराजांचे. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेले, तेव्हा काकांना दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. रात्री पंगतीत आई दोन्ही हातांनी दोघांच्या पानात एकदम पोळी टाकायची, आधी कोणाला वाढलं यावरून आणखी एक वाद नको म्हणून. अटलजी पावणेदोन लाखांच्या आसपास मतांनी पडले. निकालाच्या रात्री काका बाबांच्या खोलीत आले. म्हणाले, "दादा, महाराज आले हे मला हवंच होतं. पण अटलजी लोकसभेत नाहीत हे काही बरं नाही झालं." बाबा काही बोलले नाहीत, सरकून त्यांना खाटेवर जागा करून दिली. 1986 मध्ये अटलजी राज्यसभेतून संसदेत परत आले, तेव्हा ती बातमी बाबांना काकांनीच वाचून दाखवली. आपापलं मत न सोडता माझ्या घरातल्या दोन माणसांना हे जमलं. तुमच्या मंडळालाही जमेल.

आता पुतळ्याचं. माझं स्पष्ट मत आहे, नको. त्यांच्या नावाची मोठी संस्था शहरात आहेच. आणि शिंदे की छावणीतल्या वडिलोपार्जित घराचं त्यांनी स्वतः काय केलं? तिथे वडिलांच्या नावानं वाचनालय सुरू झालं. वडील कृष्णबिहारी शिक्षक होते. शिक्षकाच्या घरात पुस्तकं आली, याहून योग्य काय असणार? तुमच्या वर्गणीतून मंडळाच्या कपाटात संसदीय भाषणांचे संग्रह येऊ द्या. फक्त अटलजींचे नकोत, नाथ पै, मधु लिमये, मधु दंडवते यांचेही आणा.

कार्यक्रमात कामाविषयी बोला. 25 डिसेंबर 2000 रोजी पंतप्रधान ग्राम सडक योजना सुरू झाली. पाचशे आणि त्याहून जास्त वस्तीच्या, डोंगरी, वाळवंटी आणि आदिवासी भागात अडीचशेच्या, प्रत्येक गावाला बारमाही रस्ता द्यायचा, हा तिचा हेतू. पैसा डिझेलवरच्या उपकरातून. मी भितरवारच्या बाजूला एका खेड्यात शिकवायला होते. पावसाळ्यात काळी माती चाकात अशी भरायची की सायकल ढकलताही यायची नाही, उचलूनच न्यावी लागायची. आठवी झालेल्या मुली पुढे शाळेत यायच्या थांबत, कारण हायस्कूल नाल्यापलीकडे होतं. रस्ता झाला त्या वर्षी गावाच्या तोंडाशी फलक लागला. रस्त्याचं नाव, लांबी, खर्च, ठेकेदार, आणि खाली पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कोणाची ते. सरकारी कामाचा सगळा हिशेब गावकऱ्यांना उघड्यावर वाचता येतो, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. मुलांकडून तो फलक मोठ्यानं वाचून घेतला होता. मुली सायकलवरून नाल्यापलीकडे जाऊ लागल्या. अशाच एखाद्या गावच्या सरपंचबाईंना पाहुण्या म्हणून बोलवा.

आणि जे सलतं तेही बोला. केंद्रात 1 जानेवारी 2004 पासून रुजू होणाऱ्यांची, सैन्यदलं सोडून, जुनी पेन्शन गेली. तो निर्णय अटलजींच्या सरकारचा. वर्षभरानं आपल्या राज्यातही तेच झालं. माझ्या शाळेत माझ्यानंतर लागलेली मुलं निवृत्तीनंतर काय मिळणार या काळजीत आहेत आणि मला त्यांची बाजू रास्त वाटते. हे मी जयंतीच्या व्यासपीठावरूनही म्हणेन. अटलजींविषयीचा माझा आदर त्यानं कमी होत नाही.

हार, दीपप्रज्वलन यांना दहा मिनिटं पुष्कळ झाली.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी मला 'अटलजींचं सार्वजनिक जीवन' हा विषय आलाय, वेळ पाच मिनिटं. सगळे त्यांच्या कवितांनीच सुरुवात करतात. मी कशानं करू?
— एक विद्यार्थिनी, मुरार

उत्तर : बाळ, हरण्यानं कर. 1957 मध्ये ते लखनौ, मथुरा आणि बलरामपूर अशा तीन ठिकाणी उभे होते. लखनौला हरले, मथुरेत तर अनामतही गेली, बलरामपूरनं निवडून दिलं. 1962 मध्ये तिथेही हरले. लोकसभेवर ते एकूण दहा वेळा निवडून गेले, पण या पराभवांशिवाय तो आकडा सांगितलास तर ऐकणाऱ्याला त्यामागची चिकाटी कळणार नाही.

मग थेट 17 एप्रिल 1999 वर ये. विश्वासदर्शक ठराव, बाजूने 269, विरोधात 270. एका मतानं सरकार पडलं. ते मत फिरवण्यासाठी त्यांनी भलतंसलतं काही केलं नाही, निकाल मान्य केला आणि राजीनामा दिला. काळजीवाहू पंतप्रधान असतानाच कारगिल उभं राहिलं. ते निभावून त्याच वर्षी निवडणूक जिंकून परत आले.

मध्ये 1994 घाल. काश्मीरवरून जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे भारताची बाजू मांडायची होती. पंतप्रधान नरसिंह राव काँग्रेसचे, तरी त्यांनी शिष्टमंडळाचं नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलजींना दिलं. रावांनी विचारलं आणि अटलजी गेले, दोघांचंही नाव घे. परीक्षक कोणत्याही पक्षाचा असला तरी इथे कान टवकारेल.

1977 चं संयुक्त राष्ट्रांतलं हिंदी भाषण, पोखरण, लाहोरची बस हे सगळे सांगतातच. त्यावर तुझा वेळ घालवू नकोस, पण तारखा पाठ ठेव, प्रश्न आलाच तर: 4 ऑक्टोबर 1977, 11 आणि 13 मे 1998, 20 फेब्रुवारी 1999. राज्यसभेतल्या जुन्या चर्चा राज्यसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. 1964 चं नेहरूंना श्रद्धांजलीचं भाषण तिथे शोधून मूळ हिंदीतून मोठ्यानं वाच, थांबे कुठे घ्यायचे ते आपोआप कळेल. भाषण लिहून झालं की घड्याळ लावून साडेचार मिनिटांत बसव, स्पर्धेत माणूस हळू बोलतो.