कादंबरी मध्येच अडली की काय करावं?

पहिली सात प्रकरणं झरझर झाली आणि आता महिनाभर आठव्याचं पहिलं वाक्यच जमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं ऐकाल तर आठव्याशी झटापट थांबवा. खोट बहुतेक वेळा सहाव्या-सातव्यात असते.

होतं काय, कथानक पुढे रेटायच्या घाईत आपण एखाद्या पात्राकडून त्याच्या स्वभावात न बसणारं काहीतरी करून घेतो. मानी बाई अचानक माफी मागते, कारण पुढच्या प्रसंगात ती त्या घरात असायला हवी. कागदावर ते खपून जातं. पण त्यानंतर ती काय बोलेल ते काही केल्या ऐकू येत नाही, कारण ती आता तीच बाई राहिलेली नसते.

म्हणून मागची पानं वाचा, पण भाषा सुधारायला बसू नका. त्यात आणखी महिना जाईल. प्रत्येक प्रसंगापाशी एवढंच विचारा: इथे या माणसाला काय हवंय आणि आडवं कोण येतंय? ज्या प्रसंगात उत्तर मिळत नाही, तिथपासूनचं सगळं बाजूला काढा. (फाडू नका, त्यातले संवाद नंतर कामी येतात.) माफी न मागता ती त्या घरात कशी शिरेल? असा प्रश्न समोर आला की गोष्ट बहुधा हलते.

मागे काही खोट सापडलीच नाही, तर पुढचा जो प्रसंग डोळ्यांसमोर दिसतोय तो आधी लिहून टाका. मधलं अंतर कधी कधी 'तीन वर्षांनी' एवढ्या एका शब्दजोडीवरही भागतं.

रोजच्या शब्दसंख्येसाठी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलपचा दाखला हमखास दिला जातो: टपाल खात्यातली नोकरी सांभाळून, घड्याळ समोर ठेवून, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. ऐकूनच धडकी भरते. पण १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. आदल्या दिवशी लिहिलेलं अर्धा तास वाचून मगच तो नवं लिहायला घ्यायचा. मला त्या २५० शब्दांपेक्षा हा अर्धा तास जास्त उपयोगाचा वाटतो.

एक मात्र तपासा. कादंबरीच नव्हे, साधं पत्रही लिहवत नसेल, वाचनातही मन लागत नसेल, तर यातलं काहीच लागू नाही. तेव्हा आधी झोप आणि तब्येत बघा, गरज वाटली तर डॉक्टरांना भेटा.