शुक्र राहण्याजोगा करायचा तर आधी सावली, शेवाळ सगळ्यात शेवटी

प्रश्न असा आहे: शुक्राच्या ढगांत शेवाळ सोडलं, तर ते कार्बन डायऑक्साइड खाऊन ऑक्सिजन सोडेल आणि ग्रह आपोआप थंड होईल का? नाही होणार. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा तिथल्या जमिनीवरचा दाब कुणी मोजलेला नव्हता. तो आहे ९२ बार (१ बार म्हणजे साधारण पृथ्वीच्या जमिनीवरचा हवेचा दाब), आणि तापमान ४६५ अंश सेल्सिअस.

सगळा हिशोब एका चौरस मीटरवर मांडून बघा. तेवढ्या जागेवर सुमारे १,०४० टन वायू उभा आहे, त्यातला १,०१५ टन कार्बन डायऑक्साइड. प्रकाशसंश्लेषणाने तो संपवायला ४१५ टन पाणी लागेल. ढगांखालच्या हवेत बाष्प आहे दशलक्षात तीसेक भाग, म्हणजे त्याच चौरस मीटरवर जेमतेम १३ किलो. पाणी बाहेरून आणलं असं धरलं, तरी शेवटी ६५ बार ऑक्सिजन साठतो, आणि मेलेलं शेवाळ खालच्या भट्टीत पडून त्याच ऑक्सिजनमध्ये जळतं. कार्बन डायऑक्साइड परत हजर.

म्हणून आधी सावली. शुक्रापासून सूर्याच्या बाजूला साधारण १० लाख किलोमीटरवर पहिला लॅग्रांज बिंदू आहे, म्हणजे जिथे ठेवलेली वस्तू शुक्राबरोबरच सूर्याभोवती फिरत राहते अशी जागा. पडदा तिथे उभारायचा. शुक्राचा व्यास १२,१०० किलोमीटर असला, तरी तिथून सूर्याची तबकडी रुंद दिसते, त्यामुळे पूर्ण ग्रह झाकायला पडदा सुमारे २५,००० किलोमीटर व्यासाचा लागतो. प्रकाशाचा दाब त्याला सतत शुक्राकडे ढकलतो, म्हणून तो बिंदूच्या थोडा सूर्याकडेच ठेवावा लागतो. शिवाय तो तोल अस्थिर असतो. माझ्या मते एक अखंड पडदा करूच नये. स्वतः कलणारे असंख्य छोटे तुकडे बरे, एक बिघडला तर बाकीचे काम चालू ठेवतात.

थंड होता होता ३१ अंशांखाली कार्बन डायऑक्साइड द्रवरूप होऊ लागतो आणि उणे ५७ च्या आसपास गोठतो. सगळा गोठला तर ग्रहभर सरासरी ६५० मीटर जाडीचा थर. उरतो नायट्रोजन, सुमारे २ बार. बऱ्याच ठिकाणी ३ बार लिहिलेलं दिसतं, कारण ९२ चे साडेतीन टक्के काढले जातात. पण ते साडेतीन टक्के रेणूंच्या संख्येचे आहेत, वजनाने ते सव्वादोनच भरतात. २ बार नायट्रोजनमध्ये ०.२ बार ऑक्सिजन मिसळला की माणूस श्वास घेऊ शकेल.

खरी अडचण त्या गोठलेल्या थराची. पडदा थोडा बाजूला केला की तो पुन्हा वायू होणार, म्हणून त्याला कायमचा बांधावा लागतो. खडकात बांधायचा तर बेसॉल्टमधलं (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकातलं) कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. सगळं वापरलं गेलं तरी सुमारे दोन किलोमीटर खोलीपर्यंतचा खडक दळावा लागेल, कारण अखंड खडकावर कार्बोनेटचं कवच बसलं की आतली क्रिया थांबते. दुसरी वाट हायड्रोजनची: लोखंडी उत्प्रेरकावर (स्वतः न संपता क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थावर) हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडची बॉश अभिक्रिया, त्यातून कार्बन आणि पाणी. दर चौरस मीटरला ९२ टन हायड्रोजन लागतो, आणि इतका साठा फक्त गुरू-शनीसारख्या महाग्रहांवर आहे. मिळतं मात्र भरपूर: सरासरी ८३० मीटर खोल पाणी. काजळी उत्प्रेरकावर साचून तो निकामी होतो, ती सतत खरवडावी लागते. आणि हे काम पडद्याशिवाय केलं तर पाणी वाफच राहतं. वाफही उष्णता अडवतेच.

यात कित्येक शतकं जातील. तोवर राहायचंच असेल तर ५४ किलोमीटर उंचीवर: तिथे ०.६ बार दाब आणि ४० अंशांच्या आसपास तापमान. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने श्वासाची हवाच फुग्याला उचलते, दर घनमीटरला साधारण ३३० ग्रॅम. १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा मोहिमांचे दोन हेलियमचे फुगे याच थरात जवळपास दोन दिवस तरंगले. बाहेर गंधकाम्लाचे थेंब, म्हणून कापडावर टेफ्लॉनचा थर हवाच. आतबाहेर दाब सारखा असल्याने छिद्र पडलं तर फुगा फुटत नाही, हवा हळूहळू मिसळते आणि ठिगळ लावायला वेळ मिळतो.