काट्यांची वाट आणि ट्यूबलेस टायर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चोपडा तालुक्यात शिक्षक असून ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरची ग्रॅव्हल (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची) सायकल वापरतो. अडावद-उनपदेवच्या बाजूला शेतरस्त्यांवर बाभळीचे काटे आणि सराटे इतके असतात की एका फेरीत दोनदा पंक्चर काढण्याची वेळ येते. दुकानदार ट्यूबलेस करून घेण्यास सांगतात. मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरमध्ये द्रव लागत नाही. मग सायकलीतच सीलंट (छिद्रे बुजवणारा द्रव) का घालावे लागते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते टिकते का?

उत्तर : मोटारसायकलचे टायर जाड असते, त्याच्या आतल्या बाजूला हवा अडवणारा रबराचा थर असतो आणि अलॉय चाकाला आऱ्यांसाठी भोके नसतात. सायकलीतही प्रारंभी हाच मार्ग धरला गेला. १९९९ मध्ये माविक कंपनीने हचिन्सन आणि मिशलिन यांच्यासह माउंटन सायकलींसाठी आणलेल्या यूएसटी पद्धतीत रिमचा आतला तळ अखंड होता आणि टायर स्वतःच हवाबंद होते. मात्र त्यामुळे वजन वाढत असे. आज ‘ट्यूबलेस रेडी’ म्हणून मिळणारे टायर हलके असते, रिमची भोके केवळ चिकटपट्टीने बुजवलेली असतात आणि उरलेली सूक्ष्म छिद्रे भरण्याचे काम सीलंटकडे सोपवलेले असते. म्हणूनच सायकलीत पंक्चर होवो वा न होवो, सीलंट लागतेच.

बहुतेक सीलंट म्हणजे पाण्यासारखे पातळ केलेले रबराचे चीक आणि त्यात मिसळलेले बारीक कण. काटा घुसला की हवेच्या दाबाने द्रव त्या छिद्राकडे धावतो, कण तेथे अडकतात आणि जखमेवर खपली धरावी तसा चीक गोठतो. सराट्याचे छिद्र असे बुजते की पुष्कळदा स्वाराला ते कळतही नाही. बाभळीच्या काट्याचे छिद्रही सहसा बुजते. काच किंवा पत्र्याने टायर चिरले, तर मात्र सीलंट पुरे पडत नाही आणि बाहेरून रबरी पट्टी खोचावी लागते. दुसरा लाभ हवेच्या दाबाचा आहे. ट्यूब असताना हवा कमी ठेवली, तर दगडावर आदळून ती रिम आणि टायर यांच्यात चेंगरते आणि तिला जोडीने दोन छिद्रे पडतात. ट्यूबच नसल्यामुळे हे भय राहत नाही. आपल्या टायरमध्ये ३० ते ४० पीएसआयच्या दरम्यान हवा ठेवून खडीच्या रस्त्यावर हादरे बरेच कमी करता येतील.

आता उन्हाळा. माझ्या मते आपला निर्णय येथेच ठरावा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा कोरडी असते. सीलंटमधील पाणी टायरच्या कापडातून हळूहळू उडून जाते आणि आत रबराचे वाळके पापुद्रे उरतात. उत्पादक साधारणतः दोन ते सहा महिन्यांची मुदत सांगतात, पण ती सौम्य हवामानातील धरावी. फाल्गुनानंतर दर महिन्या-दीड महिन्याने व्हॉल्व्हचा आतला भाग काढून, तेथून एखादी बारीक काडी आत घालून ती ओली निघते का ते पाहावे आणि कोरडी निघाल्यास ५०-६० मिलिलिटर द्रव भरावा. एवढे नियमितपणे करणे शक्य नसेल, तर ट्यूबलेसच्या नादी लागू नये. सायकल पत्र्याच्या शेडखाली ठेवण्यापेक्षा घरात ठेवली, तर द्रव थोडा अधिक टिकतो. उन्हात टायर फुटेल ही भीती मात्र अनाठायी आहे : सकाळी २५ अंशांना ४० पीएसआय भरलेले टायर तापून ६० अंशांवर गेले, तरी दाब सुमारे सहा पीएसआयनेच वाढतो.

एक अडचण दुकानदार सहसा सांगत नाहीत. काटेरी मुलखात ट्यूबलेस टायर अनेक काटे पोटात घेऊन फिरत असते, कारण प्रत्येकाभोवती सीलंट गोठलेले असते. मोठी चीर पडून रस्त्यात ट्यूब घालण्याची वेळ आली आणि हे काटे तसेच राहिले, तर नवी ट्यूब पहिल्याच फेऱ्यात पंक्चर होते. त्यामुळे टायर आतून कापडाने काळजीपूर्वक पुसून प्रत्येक काटा पकडीने काढावा लागतो, आणि चिकाने हात बरबटतात ते वेगळेच. तरीही आपला रस्ता पाहता, देखभालीची तयारी असल्यास मी ट्यूबलेसच्याच बाजूने कौल देईन. प्रथम आपली रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेली आहेत याची खात्री करावी.

प्रश्न : शिंदखेड्याजवळच्या खेड्यात मुलगी साध्या २८ इंची सायकलने शाळेत जाते. गॅरेजवाले स्कूटरमध्ये घालतात ते पंक्चर जेल तिच्या ट्यूबमध्ये घालावे काय?

उत्तर : साध्या सायकलीची रिम ट्यूबलेससाठी बनलेलीच नसते, तेव्हा तो विचार सोडावा. जेल घालता येते, पण वालट्यूबच्या व्हॉल्व्हमध्ये ते अडकून हवा भरणे त्रासाचे होते. शिवाय जेलने ओली झालेली ट्यूब फाटली, तर सोल्यूशन धरत नाही आणि पॅच सुटतो. त्यापेक्षा टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये लायनरची पट्टी बसवावी, झिजलेले मागचे टायर वेळीच बदलावे आणि हवा भरपूर ठेवावी. कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या ओढून नेतात त्या दिवसांत रस्ता बदलता आला, तर तोही उपाय स्वस्तच आहे.

प्रश्न : ट्यूबलेस करून घेतले, पण रोज सकाळी टायर बसलेले असते. दुकानदार दर वेळी आणखी सीलंट ओततो. (वाचक, धुळे)

उत्तर : नव्या टायरची हवा पहिले दोन-तीन दिवस थोडी उतरते, त्यानंतरही उतरत असल्यास दोष बहुधा टायरचा नसून रिमच्या चिकटपट्टीचा किंवा व्हॉल्व्हचा असतो, आणि त्यावर द्रव ओतणे व्यर्थ आहे. हवा भरून टायरच्या कडांना, व्हॉल्व्हला आणि आऱ्यांच्या मुळांशी साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आऱ्यांपाशी आले, तर पट्टी फाटलेली आहे. टायर उतरवून, रिम स्पिरिटने पुसून, रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अधिक रुंद पट्टी ताणून नव्याने लावावी. व्हॉल्व्हपाशी आले, तर त्याची चकती हातानेच घट्ट करून पाहावी. पक्कड लावल्यास रस्त्यात ट्यूब घालण्याची वेळ येईल तेव्हा ती सुटणार नाही.